उंदराच्या आतड्यातला जंतू आणि त्याची १६ लाख अक्षरे

अँटिबायोटिकच्या गोळ्यांबरोबर हल्ली पुष्कळ डॉक्टर प्लास्टिकच्या छोट्या नळीतले गढूळसर पाणीही लिहून देतात. पाच मिलिलिटरची नळी, तिची मान मोडायची आणि पाणी पिऊन टाकायचे. रुग्ण विचारतात, "हे काय आहे?" उत्तर ऐकून बहुतेकांच्या कपाळावर आठ्या पडतात, कारण त्या नळीत बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूचे सुमारे २०० कोटी बीजाणू असतात. जंतू मारायच्या गोळीबरोबर जंतूच प्यायचे, हे गणित सामान्य माणसाला चटकन पटत नाही. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे हे चांगले जंतू का?"

चांगले जंतू आणि वाईट जंतू ही वाटणी ऐकायला सोपी आहे. जाहिरातवाल्यांना तर ती फारच आवडते. पण गेल्या पंधरा-सतरा वर्षांत उंदरांच्या आतड्यातील एका बीजाणू करणाऱ्या जंतूवर जे संशोधन झाले, ते पाहिल्यावर ही वाटणी किती कच्ची आहे ते लक्षात येते. आज त्या जंतूची हकीकत वाचकांना सांगायची आहे. पण आधी बीजाणू म्हणजे काय ते पाहू.

चिलखत घातलेला जंतू

धनुर्वात सर्वांना माहीत आहे. शेतात पायाला खिळा टोचला की आपण इंजेक्शन घ्यायला धावतो, कारण मातीत आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू वर्षानुवर्षे पडून असतात. ऊन, थंडी, कोरड कशानेही ते मरत नाहीत, कारण त्या वेळी ते आपल्या नेहमीच्या रूपात नसतात. अन्न संपले, परिस्थिती बिघडली की काही जातींचे जंतू आपल्याच शरीरात जाड भिंतींची एक कुपी तयार करतात. तिच्यात आपल्या जनुकांची एक संपूर्ण प्रत ठेवतात, आतले पाणी बरेचसे काढून टाकतात आणि उरलेले शरीर सोडून देतात. ही कुपी म्हणजे बीजाणू. तो खात नाही, वाढत नाही, नुसता पडून राहतो. अनुकूल जागा मिळाली की बियाला कोंब फुटावा तसा त्यातून पुन्हा जंतू बाहेर येतो.

उकळत्या पाण्यालाही पुष्कळ बीजाणू दाद देत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारे नुसती उकळून भागत नाही. ऑटोक्लेव्ह नावाच्या, मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात ती दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला निदान १५ मिनिटे ठेवावी लागतात. घरातले उदाहरण भाताचे आहे. तांदळावर बॅसिलस सीरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजतो, ते शिजत नाहीत. उन्हाळ्यात दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला की त्यांना कोंब फुटतात, आणि हे जंतू उलट्या करवणारे विष तयार करू शकतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणी दिली म्हणून तो भात निर्धोक झाला असे समजू नये. उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच शिजवावा.

आता प्रश्न असा, की आतड्यासारख्या उबदार, भरपूर अन्नाच्या जागी राहणाऱ्या जंतूंना बीजाणू करण्याची गरज काय? गरज प्रवासाची आहे. आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे राहणारे पुष्कळ जंतू हवा लागताच मरतात. एका प्राण्याच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जायचे तर मधला रस्ता हवेतून जातो, आणि तो चिलखत घातल्याशिवाय पार होत नाही. ब्रिटनमधील सँगर इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये माणसाच्या आतड्यातील जंतूंची तपासणी केली, तेव्हा तेथील निम्म्या किंवा त्याहून अधिक कुळांत बीजाणू करण्याची क्षमता असावी असे दिसून आले. म्हणजे बीजाणू हे धनुर्वातासारख्या रोगजंतूंचेच हत्यार नाही. आपल्या पोटातल्या निरुपद्रवी मंडळींचीही प्रवासाची तीच रीत आहे.

उसाच्या पेरांसारखा दोरा

उंदीर म्हटला की आपल्याला प्लेग आणि लेप्टो आठवतो. त्या रोगांशी आजच्या जंतूचा काही संबंध नाही. हा जंतू उंदराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर उसाच्या कांड्यासारखी पेरे पडलेला एक दोरा दिसतो. लांबी जास्तीत जास्त मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडी कमी, म्हणजे जंतूंच्या मानाने चांगलीच. दोऱ्याचे एक टोक अणकुचीदार असते आणि ते आतड्याच्या अस्तराच्या पेशीत रुतलेले असते. पेशी फुटत नाही, जखम होत नाही, फक्त खुंटी ठोकावी तसा खळगा पडतो. अमेरिकेतील ड्वेन सॅव्हेज यांनी एका सहकाऱ्यासह १९७४ मध्ये उंदरांतील या दोऱ्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून शास्त्रज्ञ त्याला एसएफबी म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

नावाचीही एक गंमत आहे. पूर्वी या जंतूला किड्यांच्या आतड्यात सापडणाऱ्या अशाच दोरीवजा जंतूंचे, म्हणजे आर्थ्रोमायटस हे नाव दिले गेले होते. दिसायला सारखे, म्हणून कूळ एक धरले. पुढे जनुके तपासल्यावर दोघांचे नाते दूरचे निघाले, आणि २०१२ मध्ये उंदराच्या जंतूसाठी सॅव्हेज यांच्या नावावरून सॅव्हेजेला असे नाव सुचवण्यात आले. चेहऱ्यावरून सोयरीक ठरवू नये, हे जंतुशास्त्रालाही लागू आहे.

उंदराच्या पिल्लाला जन्मतः हा जंतू नसतो. साधारण तिसऱ्या आठवड्यात आईचे दूध सुटू लागते, दुधातून मिळणारी प्रतिपिंडे आटतात, आणि त्याच सुमारास हे दोरे आतड्यात झपाट्याने वाढतात. दोरा पिकला की त्याच्या पेरांच्या आत लहान लहान पिल्ले तयार होतात. काही तशीच बाहेर पडून शेजारच्या पेशीला चिकटतात. काहींच्या जोडीभोवती एकच कवच बनते आणि तो बीजाणू लेंडीवाटे बाहेर जातो. एका कवचात दोन पिल्ले, ही जंतूंच्या जगात विरळा गोष्ट आहे. उंदरांना एकमेकांच्या लेंड्या खाण्याची सवय असते, त्यामुळे पुढचे घर सापडायला वेळ लागत नाही.

दोन दुकानांतले उंदीर

१९७४ नंतर बरीच वर्षे एसएफबी ही काही मोजक्या अभ्यासकांचीच आवड होती. तो एकाएकी पुढे आला २००९ मध्ये, आणि तोही वेगळ्याच कोड्याच्या निमित्ताने.

अमेरिकेत प्रयोगासाठी लागणारे उंदीर पुरवणाऱ्या संस्था आहेत. जॅक्सन लॅबोरेटरी ही एक, टॅकोनिक ही दुसरी. न्यूयॉर्क विद्यापीठात डॅन लिटमन यांचा गट टीएच-१७ नावाच्या संरक्षक पेशींचा अभ्यास करीत होता. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी ही एक जात. आतड्याच्या भिंतीत पहारा देणे, जंतूंची चढाई झाली की इतर पेशींना हाक मारणे, हे त्यांचे काम. या गटाच्या लक्षात आले, की टॅकोनिककडून आणलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात या पेशी भरपूर आहेत आणि जॅक्सनच्या उंदरांत जवळजवळ नाहीत. दोन्हीकडचे उंदीर एकाच वंशाचे होते. (प्रयोगशाळेतला उंदीर म्हणजे पांढराच, अशी आपली कल्पना असते. हा प्रसिद्ध वंश काळा आहे.) वंश एक, मग फरक कशाने?

दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. काही आठवड्यांत जॅक्सनच्या उंदरांतही टीएच-१७ पेशी दिसू लागल्या. म्हणजे काहीतरी संसर्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक पाजले की या पेशी कमी होतात, हे त्यांना आधीच दिसले होते. दोघांच्या आतड्यांतील जंतूंची तुलना केली तेव्हा बोट एसएफबीकडे गेले. फक्त हा एकच जंतू ज्यांच्या पोटात आहे अशा उंदरांची लेंडी जॅक्सनच्या उंदरांना दिली आणि पेशी तयार झाल्या. एवढेच नव्हे, तर उंदरांना जुलाब व आतड्याची सूज आणणाऱ्या सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम या रोगजंतूला असे उंदीर अधिक चांगले तोंड देऊ लागले.

या निष्कर्षाने नव्या औषधांच्या संशोधकांची झोप उडाली असेल तर नवल नाही. जगभर नवी औषधे आधी उंदरांवर तपासली जातात. एकाच वंशाचे उंदीर म्हणजे एकसारखे उंदीर, असे धरूनच निष्कर्ष काढले जातात. आता कळले, की उंदीर कोणत्या दुकानातून आणला यावरही उत्तर बदलू शकते.

भेळेच्या पुड्या आणि फाटलेले वर्तमानपत्र

जंतू सापडला, पण त्याचा अभ्यास करायचा कसा? एरवी जंतू काचेच्या बशीत, खाद्याच्या थरावर वाढवतात. एसएफबी काही केल्या बशीत वाढत नव्हता. मग त्याच्याबद्दल जाणून घेण्याचा एक मार्ग उरला, तो म्हणजे त्याचा जनुकसंच वाचण्याचा. जनुकसंच म्हणजे त्या जीवाची सगळी कृती लिहिलेली पोथी. ती चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. कोणती प्रथिने करता येतात, कोणते अन्न पचवता येते, शेपटी आहे की नाही, बीजाणू करता येतो की नाही, सगळे तीत असते.

पोथी वाचण्याची रीत समजायला भेळवाल्याकडे जावे. समजा, एका अंकाच्या शंभर प्रती फाडून त्याने पुड्या बांधल्या. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटली. तुम्ही सगळे कपटे गोळा केले, तर एका कपट्याच्या शेवटचे शब्द दुसऱ्याच्या सुरुवातीला सापडतील. अशी जुळवाजुळव करीत अख्खा अंक पुन्हा लावता येईल. जनुकसंचाचेही असेच तुकडे करून वाचतात आणि संगणक ते जुळवतो. पण ढिगात पाचशे निरनिराळ्या वर्तमानपत्रांचे कपटे मिसळले तर? उंदराच्या आतड्यात शेकडो जातींचे जंतू असतात, तेव्हा अडचण नेमकी हीच होती.

येथे बीजाणूचे चिलखत शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले. उंदराची लेंडी क्लोरोफॉर्ममध्ये घातली की साधे जंतू मरतात, बीजाणू टिकतात. मग ते जंतुविरहित उंदरांना पाजायचे. हे उंदीर शस्त्रक्रियेने जन्मलेल्या उंदरांचे वंशज असतात. ते प्लास्टिकच्या बंद तंबूत, निर्जंतुक हवा, पाणी आणि खाद्यावर वाढतात आणि त्यांच्या अंगावर किंवा पोटात एकही जंतू नसतो. पातळ करीत करीत, एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेत, शेवटी अशी वेळ आणली की उंदराच्या पोटात एसएफबीशिवाय दुसरे कोणीच नाही. जी बशी मिळत नव्हती ती अशी जिवंत उंदराच्या रूपाने मिळाली. जपान आणि नेदरलँड्समध्ये हे कष्टाचे काम पूर्वीच झाले होते. त्याची फळे २०११ मध्ये मिळाली.

त्या एका वर्षात तीन निरनिराळ्या गटांनी हा जनुकसंच प्रसिद्ध केला, दोन जपानचे आणि तिसरा लिटमन यांच्या सहकाऱ्यांचा. जपानी गटांपैकी एकाने लहान उंदीर म्हणजे माऊस आणि मोठा उंदीर म्हणजे रॅट, या दोघांच्याही एसएफबीची पोथी वाचली. त्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव तूलिका प्रकाश यांचे आहे. आपण मराठीत उंदीर म्हटले की दोन्ही येतात, घुशीलाही त्यातच ढकलतो आणि चिचुंद्रीलासुद्धा, जी उंदीरवर्गातली मुळीच नाही. शास्त्रात मात्र हा भेद महत्त्वाचा आहे, ते पुढे दिसेल. २०१२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी तर एकेक दोरा वेगळा काढून त्याचा जनुकसंच वाचला.

स्वयंपाकघर मोडले, ट्रंक ठेवली

पोथी छोटी निघाली. सुमारे १६ लाख अक्षरे. वर्तमानपत्राच्या एका पानावर सोळा हजार अक्षरे बसतात असे धरले, तर शंभर पाने. आपल्या आतड्यातील नेहमीचा ई. कोलाय हा जंतू घेतला तर त्याची सुमारे ४६ लाख अक्षरे आहेत, म्हणजे जवळजवळ २९० पाने. मग एसएफबीच्या पोथीतून काय गळले?

गळले ते स्वयंपाकघर. प्रथिनांसाठी लागणारी बहुतेक अमिनो आम्ले, बरीच जीवनसत्त्वे, स्वतःच्या जनुकांसाठी लागणारा कच्चा माल, यांतले बरेचसे त्याला स्वतः तयार करता येत नाही. त्या कृतींची पानेच नाहीत. त्याऐवजी बाहेरून आयते अन्न आत ओढून घेणाऱ्या आणि प्रथिनांचे तुकडे करणाऱ्या यंत्रणेची पाने आहेत. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या घरी जेवणाऱ्या बिऱ्हाडकरूने चूल मोडून टाकावी तसा प्रकार. बशीत तो का वाढत नव्हता, याचे उत्तर येथे मिळाले.

पण या बिऱ्हाडकरूने प्रवासाची ट्रंक मात्र जपून ठेवली आहे. बीजाणू तयार करण्याची आणि त्याला पुन्हा कोंब आणण्याची जनुके त्याच्या पोथीत आहेत. पोहण्यासाठी लागणाऱ्या शेपटीचीही आहेत, आणि हे आश्चर्यच होते, कारण भिंतीला चिकटलेला हा दोरा कधी कोणाला पोहताना दिसला नव्हता. बहुधा पेरातून सुटलेल्या पिल्लांना नवी पेशी गाठेपर्यंत ती लागत असावी.

ही माहिती कामास आली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये उंदराच्या आतड्याच्या पेशी बशीत वाढवल्या, भरपूर पोषक द्रव्यांचे खाद्य दिले, प्राणवायू अगदी कमी ठेवला, आणि त्या पेशींच्या संगतीत एसएफबी प्रथमच उंदराच्या बाहेर वाढवून दाखवला. चाळीस वर्षे अडलेले काम चार वर्षांपूर्वी वाचलेल्या पोथीच्या आधाराने मार्गी लागले.

मित्र की शत्रू?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा जंतू चांगला की वाईट? सिट्रोबॅक्टरच्या बाबतीत तो राखणदार ठरला, हे वर आलेच. पण टीएच-१७ पेशी दुधारी असतात. त्या शत्रूवर धावून जातात तशा कधी कधी घरच्यांवरही जातात. बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये संधिवाताचा कल असलेल्या उंदरांवर प्रयोग केला. जंतुविरहित ठेवले तेव्हा त्यांचा संधिवात सौम्य राहिला. पोटात फक्त एसएफबी सोडला, तर तो बळावला. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील गटाला मल्टिपल स्क्लेरॉसिससारख्या आजारात, म्हणजे शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंचे आवरण कुरतडते अशा आजारात, तेच आढळले. आणि त्याच वर्षी बॉस्टनच्या गटाने दाखवले, की मधुमेहाचा कल असलेल्या एका वंशाच्या मादी उंदरांना हाच एसएफबी मधुमेहापासून वाचवतो. जंतू तोच. एका उंदराला तारतो, दुसऱ्याला मारतो, आणि तिसऱ्याच्या बाबतीत काहीच करत नाही.

काहीच करत नाही, हे तिसरे उदाहरण मोठ्या उंदरांच्या जंतूचे. रॅटचा एसएफबी माऊसच्या पोटात सोडला तर तो तेथे राहतो, पण भिंतीला चिकटत नाही, आणि टीएच-१७ पेशीही जाग्या होत नाहीत. खुंटी ठोकली तरच पहारेकऱ्यांना जाग येते. इतक्या जवळच्या दोन प्राण्यांतही जंतू एकाचा दुसऱ्याला चालत नाही. मग "उंदरांवर सिद्ध झालेले" असे छापलेली पावडर माणसाला चालेल, हे कशावरून? डब्यावर तसे लिहिलेले दिसले तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. कोणत्या आजारासाठी? आणि माणसांवर चाचणी झाली आहे का? समाधानकारक उत्तर आले नाही तर पैसे खिशात ठेवावेत.

बीजाणूवाल्या जंतूंत उघड शत्रूही आहेत. अँटिबायोटिक घेतल्यावर काही रुग्णांना, विशेषतः इस्पितळातील वृद्धांना, भयंकर जुलाब होतात. हॅमस्टर नावाच्या, उंदरांच्याच वर्गातील प्राण्यांवरील प्रयोगांतून १९७८ च्या सुमारास त्याचे कारण सापडले. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू, ज्याला आता क्लॉस्ट्रिडिऑइडेस डिफिसिल म्हणतात. त्याच्या एका प्रकाराचा ४३ लाख अक्षरांचा जनुकसंच २००६ मध्ये वाचला गेला. गंमत अशी, की त्याच्यावरचा एक नवा उपायही बीजाणूच आहे. निरोगी माणसाच्या विष्ठेवर अल्कोहोलची प्रक्रिया करून टिकलेले बीजाणू कॅप्सूलमध्ये भरतात. उंदराच्या लेंडीवर जी क्लोरोफॉर्मची युक्ती केली, तिचीच ही बहीण. वारंवार हा आजार होणाऱ्या रुग्णांवरील चाचणीत आठ आठवड्यांत तो पुन्हा उलटण्याचे प्रमाण ही कॅप्सूल घेणाऱ्यांत १२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४० टक्के आढळले. अमेरिकेत २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. एक विशिष्ट आजार, माणसांवर चाचणी आणि मोजलेले प्रमाण. दावा करायचा तर असा करावा.

माणसाच्या बाळात

माणसात एसएफबी असतो का? असतो, पण उंदराइतका सहज सापडत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका पाहणीत तो मुख्यतः तीन वर्षांखालील बालकांत आढळला. पिल्लाचे दूध सुटताना जे घडते त्याच्याशी याचे साम्य आहे. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये माणसातील एसएफबीचा जनुकसंच प्रसिद्ध केला. तो उंदराच्या जंतूचा नातलग आहे, पण तोच नव्हे.

बालकांचा विषय निघालाच आहे तर रोटाव्हायरसचे सांगायला हवे. लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे हे एक मोठे कारण. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात प्रतिकारशक्ती नसलेले काही उंदीर या विषाणूला दाद देईनात. २०१९ मध्ये त्याचे कारण जाहीर झाले, ते पुन्हा आपला एसएफबी. या वेळी टीएच-१७ चा संबंध नव्हता. जंतूच्या सान्निध्यात आतड्याच्या अस्तराच्या पेशी लवकर गळत आणि नव्या येत, त्यामुळे विषाणू आत शिरलेल्या पेशी पसरण्याआधीच बाहेर टाकल्या जात. उपयोगी माहिती आहे, पण ती उंदराची आहे. आपल्या बाळांना कोणी एसएफबी पाजू शकत नाही आणि पाजूही नये.

बाळासाठी जे आहे ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. जुलाब सुरू होताच ओआरएसचे पाणी, आणि १४ दिवस झिंकची गोळी. झिंक सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम. अंगावरचे दूध चालू ठेवावे. जुलाब थांबले तरी झिंकचे १४ दिवस पुरे करावेत, आणि येथेच बहुतेक घरांत चूक होते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले तर थांबू नये, इस्पितळ गाठावे.

बीजाणूच्या नळीबद्दलही दोन शब्द. तिच्यातला बॅसिलस आतड्यात कायम घर करत नाही, काही दिवसांत निघून जातो. त्याच्या निवडक प्रकारांना अनेक अँटिबायोटिके मारू शकत नाहीत, म्हणून ती गोळ्यांबरोबर देतात. नळी इंजेक्शनच्या बाटलीसारखी दिसली तरी ती पिण्याचीच असते, टोचायची नसते. कर्करोगाचे औषधोपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाने ती आपल्या मनाने घेऊ नये, कारण अशा रुग्णांच्या रक्तात हा जंतू शिरल्याची थोडी उदाहरणे नोंदली गेली आहेत. आणि सर्दी-पडशासाठी अँटिबायोटिक घेतलेच नाही तर नळीचा प्रश्नच येत नाही.

हात धुण्याचेही तसेच. करोनाच्या साथीपासून घरोघरी अल्कोहोलचा सॅनिटायझर आला. तो पुष्कळ जंतूंना मारतो, पण अल्कोहोल बीजाणूंना मारत नाही, हे वरील कॅप्सूलच्या कृतीवरून वाचकांच्या ध्यानात आले असेलच. जुलाबाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने साबण आणि वाहते पाणी घ्यावे. साबणही बीजाणूंना मारत नाही, पण चोळून धुतल्याने ते हातावरून वाहून जातात.

रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात. ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही त्यात वापरली जाते. तिचे डोस बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचे असताना द्यायचे असतात. पहिला डोस राहून गेला असेल तर बाळाचा पहिला वाढदिवस होण्याआधी तो सुरू करता येतो. त्यासाठी लसीकरणाचे कार्ड घेऊन गावच्या उपकेंद्रात जावे.